वह्या पुरे, आता भाडं द्या

मे महिना संपत आला की आमच्या संस्थेचा फोन वाजू लागतो. "ताई, आमच्या सोसायटीतर्फे दोनशे वह्या द्यायच्यात. मुलं कधी भेटतील?" मागोमाग दुसरा फोन दप्तरांचा, तिसरा कंपासपेट्यांचा. बोलणारा मनापासून बोलत असतो, त्यामुळे नाही म्हणणं जिवावर येतं. तरी मी विचारून बघते, की वह्यांऐवजी अभ्यासिकेच्या खोलीचं एका महिन्याचं भाडं द्याल का? पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग, "तसं नाही हो, मुलांच्या हातात काहीतरी द्यायचं होतं." फोटोचं कुणी थेट बोलत नाही, पण फोटोत भाडं दिसत नाही हे दोघांनाही ठाऊक असतं.

मी बँकेतून निवृत्त झाले आणि या छोट्या संस्थेची आधी खजिनदार, मग कार्यवाह झाले. पर्वतीच्या पायथ्याशी, आंबील ओढ्याच्या अंगाला असलेल्या वस्तीत आमच्या दोन अभ्यासिका आहेत. पाचवी ते दहावीची मुलं संध्याकाळी पाच ते आठ तिथे बसतात. घर दहा बाय दहाचं, त्यात टीव्ही, स्वयंपाक आणि धाकटी भावंडं, अशा मुलांना तीन तास शांत जागा आणि अडलं तर सांगणारं माणूस देणं एवढंच आमचं काम. चार ताया शिकवतात. त्यांतल्या दोघी याच वस्तीत वाढल्या, याच सतरंजीवर बसून शिकल्या. बाकी एक अर्धवेळ हिशेबनीस आणि आम्ही सात विश्वस्त, बहुतेक साठीपुढचे.

आमच्या खर्चाच्या शंभर रुपयांतले साधारण साठ तायांच्या मानधनाला जातात, वीस भाड्याला नि विजेला. हिशेब, ऑडिट, फोन, छपाई यांत आठ-दहा. वह्या-पुस्तकं, खाऊ आणि वर्षाची एक सहल, हे सगळं मिळून उरलेल्या दहा-बारा रुपयांत बसतं. देणगीदार रांग लावतात ती याच दहा-बारा रुपयांसाठी. उरलेल्या अठ्ठ्याऐंशीसाठी कार्यवाहाने चपला झिजवायच्या. छोटी संस्था चालवणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं की मी हा हिशेब पुढे ठेवते.

पुण्यात हा तंटा नवा नाही. सेवा करायची तर पोटाचं काय, यावर या शहरातल्या मोठमोठ्या माणसांची फाटाफूट झालेली आहे. १ जानेवारी १८८० रोजी चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं, पुढे आगरकर आले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज. शिकवणाऱ्यांनी आजीव सभासद व्हायचं, ठरावीक वेतनावर वर्षानुवर्षं काम करायचं, अशी योजना होती. टिळकांच्या डोळ्यापुढे जेझुइट पाद्री होते. कमी घ्या, बाहेर मिळवू नका, सगळा वेळ संस्थेला द्या. आगरकर आणि त्यांच्या बाजूचे सभासद म्हणत, संसार वाढलेत, वेतन वाढायला हवं, आणि कामाचे तास सांभाळून कुणी पुस्तक लिहिलं किंवा दुसऱ्या सार्वजनिक कामात पडला तर संस्थेने अडवू नये. वाद वर्षानुवर्षं चिघळला आणि १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. शाळेत आपल्याला टिळक-आगरकर वाद म्हणजे आधी राजकीय की आधी सामाजिक, एवढाच शिकवतात. त्या वादाची दुसरी बाजू निव्वळ आस्थापना खर्चाची होती, हे कुणी सांगत नाही.

मला विचाराल तर या एका मुद्द्यावर मी आगरकरांच्या बाजूची. टिळकांचा आग्रह उंच होता, पण तो पेलणारी माणसं दर पिढीत मोजकीच निघतात, आणि संस्था मोजक्या माणसांवर चालत नाही. आगरकर वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १८९५ साली गेले. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी वेगळे बांधून ठेवले होते, असं सांगतात. पुण्यात ही गोष्ट आदराने सांगितली जाते. मला ती ऐकताना दर वेळी त्यांच्या पत्नी यशोदाबाईंची आठवण येते, कारण अंत्यविधीच्या दुसऱ्या दिवसापासून घर त्यांना चालवायचं होतं.

गोखल्यांनी यातून बरंच काही उचललं असावं. १९०५ च्या जूनमध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा सभासदांना ज्या सात शपथा होत्या त्यांत एक अशी, की स्वतःसाठी पैसे मिळवण्यात शक्ती घालवणार नाही आणि संस्था माझी व माझ्या कुटुंबाची जी तरतूद करू शकेल तीत समाधान मानीन. त्याग आहेच, पण त्याच वाक्यात कुटुंब आहे आणि संस्थेने करायची तरतूदही आहे. आमच्या तायांपैकी एक, दोन मुलांची आई, मानधन दोनशे रुपयांनी वाढवून मागायला आली तेव्हा माझ्याशी नजर न मिळवता बोलत होती, जणू काही चूक करतेय. तिला तसं वाटायला लावणारं वातावरण आपण तयार केलंय. वीस किंवा जास्त कर्मचारी असले की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. आमच्यासारख्या संस्था त्या आकड्याच्या खाली, म्हणून तायांच्या म्हातारपणाची सोय कायद्याने कुणावरच नाही. आम्ही आता प्रत्येकीच्या नावे दर महिन्याला आवर्ती ठेव भरतो. दोन विश्वस्त म्हणाले, सेवाभाव कमी होईल. अजून तरी झालेला नाही.

टिळकांनी सोडलेल्या गणिताच्या जागेवर १८९१ मध्ये गोखल्यांनी मुंबईहून एका मास्तरांना बोलावलं, ते धोंडो केशव कर्वे. हा माणूस मला छोट्या संस्थांचा खरा गुरू वाटतो. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला एका झोपडीत नेला. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित, नंतर हिंगण्याची पायपीट, आणि सुट्टी लागली की गावोगाव वर्गणी. पण नुसत्या पायपिटीचं कौतुक करून भागत नाही. आपल्यानंतर काम कोण करणार, हा प्रश्न त्यांनी फार लवकर हातात घेतला. १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ काढला तो त्यासाठीच, आश्रमाला आणि त्यांच्या महिला विद्यालयाला आजन्म कार्यकर्ते मिळावेत म्हणून. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले आश्रमातच शिकल्या, तिथल्याच कार्यकर्त्या झाल्या आणि निधी जमवायला बाहेर पडल्या. १९१८ साली तर त्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी तोडकंमोडकं, खिशात पैसे नाहीत, तिथे लोकांच्या घरी कामं केली, भाषा शिकल्या आणि संस्थेसाठी देणग्या मिळवून परत आल्या. निधी संकलनाच्या कार्यशाळांत हल्ली पडद्यावर बरंच काही दाखवतात. पार्वतीबाईंचं 'माझी कहाणी' वाचायला दिलं तरी पुरे.

मोठ्या देणगीचा अनुभवही कर्व्यांच्या गाठीशी होता. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली, त्या काळात डोळे फिरावेत अशी रक्कम. विद्यापीठाला विठ्ठलदासांच्या मातोश्रींचं नाव लागलं आणि १९३६ साली त्याचं मुख्य ठाणं पुण्याहून मुंबईला गेलं. देणगी नसती तर विद्यापीठ तगलं असतं का, शंकाच आहे. पण मोठा पैसा येतो तेव्हा त्याच्या अटी घेऊन येतो, आणि त्या आधी मोजाव्या लागतात.

आजचे ठाकरसी म्हणजे कंपन्यांचा सीएसआर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मूल्य ५०० कोटींवर आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. हिंजवडी, चाकण, खराडी आजूबाजूला असल्यामुळे पुण्यातल्या संस्थांचे डोळे तिकडे लागलेले असतात. संस्थेकडे आयकराच्या दोन नोंदण्या हव्यात, कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा आणि सीएसआर-१ या फॉर्मवर नोंदणी हवी. एवढं जमवून आम्ही एका कंपनीत गेलो. समोरचे सर तरुण आणि सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, संगणक देऊ, रंगरंगोटी करू. पण पगारावर कायद्याने पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही."

हा गैरसमज इतका पसरलाय की तो इथे खोडून काढते. नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर. प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेने शिक्षिकेला दिलेलं मानधन तिच्यात मोजायचंच नाही, ते उपक्रमाच्याच खर्चात येतं. आमच्या कामात शिक्षिका हाच उपक्रम. संगणक शिकवत नाही, ताई शिकवते. मी नियमाची प्रत घेऊन पुन्हा गेले. त्यांनी ती वाचली, मान्य केली, आणि म्हणाले की वरच्या मंडळींना संगणक दाखवायला सोपा जातो. परदेशी देणग्यांचा कायदा याहून कडक मानला जातो. २०२० च्या दुरुस्तीने त्यात प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आणली. पण तिथेही कामावरच्या शिक्षकाचा, डॉक्टरचा पगार प्रशासकीय धरत नाहीत.

कागदपत्रांबद्दल आता थोडं. वाचकाला कंटाळा येईल, पण संस्था बुडतात त्या बहुधा इथेच. महाराष्ट्रात सात जणांनी मिळून सोसायटी नोंदवली की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याबरोबर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही तिला लागू होतो, म्हणजे दोन प्रमाणपत्रं, दोन क्रमांक. पुण्यात त्यासाठी ढोले पाटील रस्त्यावर धर्मादाय सहआयुक्तांच्या कचेरीत जायचं. वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत हिशेब तपासून दाखल करायचे. एखादा विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवा आला की नव्वद दिवसांत बदल अर्ज. जुने ज्येष्ठ विश्वस्त जातात, शोकसभा होते, बदल अर्ज मात्र राहून जातो. दहा वर्षांनी बँकेत सहीचा प्रश्न येतो तेव्हा कागदोपत्री संस्थेचे निम्मे विश्वस्त स्वर्गवासी निघतात. मी बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूने असे गोंधळ पाहिलेत, म्हणून बदल अर्जाच्या बाबतीत मी आमच्या मंडळींच्या मागे हात धुऊन लागते.

सभासदांची यादी आणि वार्षिक सभा या गोष्टीही लोक उपचार समजतात. पुणे सार्वजनिक सभेकडे बघा. ती १८७० मध्ये निघाली याला निमित्त पर्वतीचंच होतं. देवस्थानाच्या पंचांच्या कारभारावर लोक नाराज होते. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने जी सभा उभी राहिली तिचा नियम मोठा नामी होता. प्रत्येक सभासदाने किमान पन्नास माणसांचं मुखत्यारपत्र आणायचं. सभेत बसलेला माणूस पन्नासांच्या वतीने बसलेला. एवढी पक्की पायाभरणी, तरी १८९५ च्या निवडणुकीत व्यवस्थापक मंडळात टिळकपक्षाचं बहुमत झालं, आणि रानडे-गोखल्यांनी पुढच्या वर्षी वेगळी डेक्कन सभा काढली. चूक-बरोबर इतिहासकारांनी ठरवावं. संस्था कुणाच्या हातात आहे हे शेवटी हजेरीपटावर आणि इतिवृत्ताच्या वहीत ठरतं. आमच्या सभेला गणपूर्ती व्हावी म्हणून मी आदल्या रात्री सगळ्यांना फोन करते आणि बटाटेवड्यांचा आवर्जून उल्लेख करते.

पैशाच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी असते ती राखीव निधीची. सीएसआरचा हप्ता एप्रिलऐवजी ऑगस्टमध्ये येतो, घरमालक ऑगस्टपर्यंत थांबत नाही. आमच्यासारख्या संस्थेला मधल्या काळासाठी कर्जही सहज काढता येत नाही, कारण विश्वस्तांनी संस्थेसाठी कर्ज घ्यायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. दुसरीकडे आयकराचा नियम असा की वर्षाच्या उत्पन्नातले पंच्याऐंशी टक्के त्याच वर्षी कामावर खर्च करायचे, नाहीतर कशासाठी राखून ठेवतोय ते रीतसर कळवायचं. म्हणजे साठवायची मुभा पंधरा टक्क्यांची. हे पंधरा टक्के बाजूला पडणं हीच छोट्या संस्थेची खरी मिळकत, असं मी मानते. आमच्या संस्थापक सरांना ते पटायचं नाही. "मुलांचा पैसा बँकेत कसला ठेवता?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. दांडेकर पुलापासून टांगेवाले कॉलनीपर्यंत घरांत पाणी, माणसं वाहून गेली. आमच्या एका अभ्यासिकेत कमरेएवढा चिखल होता. आठवडाभरात मदत आली ती कपड्यांची. इतके कपडे, की ते ठेवायला जागा नाही आणि निवडायला माणसं नाहीत. त्या महिन्यात तायांनी मुलांना शिकवण्याऐवजी गठ्ठे उपसले. खोली धुऊन रंगवून पुन्हा सुरू झाली ती राखीव निधीतून. पुढे सहा महिन्यांनी टाळेबंदी लागली, अभ्यासिका बंद. शिकवणं नाही तर मानधन द्यायचं का, यावर विश्वस्तांची बैठक फोनवरच झाली. ठराव झाला की पूर्ण द्यायचं, आणि तायांनी मुलांना रोज फोन करून अभ्यास घ्यायचा. जवळ पैसा होता म्हणून तो ठराव करता आला. त्यानंतर सरांनी बँकेतल्या पैशांबद्दल विचारणं सोडलं.

वस्तीतल्या पालकांकडून आम्ही महिन्याला थोडी फी घेतो. "गरिबांकडून पैसे कशाला घेता?" असं सोसायट्यांतली मंडळी विचारतात. त्यांना मी कचरावेचकांचं उदाहरण देते. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिथल्या बायका वर्गणी भरून सभासद होतात, ओळखपत्र घेतात. वर्गणी भरणारी बाई सभेत उठून जाब विचारते. आमच्याकडेही फी भरणारी आई येऊन सुनावते, "ताई, काल दिवा का नव्हता?" आम्हाला ते ऐकायचंच असतं.

स्वयंसेवकांवर एक वेगळा लेख होईल. जुलैमध्ये इंजिनिअरिंगची मुलं येतात, उत्साहाने गणित शिकवतात, आणि नोव्हेंबरात स्वतःची परीक्षा आली की गायब. त्यांना दोष नाही. पण दहावीच्या मुलीला मार्चपर्यंत कुणीतरी रोज लागतं, आणि रोज येणाऱ्याला पगार द्यावा लागतो.

उरला संस्थापकांचा प्रश्न. संस्थापक म्हणजे संस्था, हे समीकरण देणगीदारांच्या डोक्यात बसलेलं असतं आणि कधीकधी संस्थापकांच्याही. आपल्याकडे याला चांगला अपवाद मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा. पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून १९८६ मध्ये ते येरवड्याला सुरू झालं, डॉ. अनिता अवचट यांनी उभं केलं. १९९७ मध्ये त्या गेल्या, पण काम थांबलं नाही. मुक्ता पुणतांबेकरांनी धुरा घेतली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथे उपचार घेऊन बरे झालेले लोकच पुढे तिथले कार्यकर्ते होत गेले. आमच्या संस्थेत गेल्या वर्षी आम्ही वस्तीत वाढलेल्या दोन तायांपैकी मोठीला व्यवस्थापक केलं, चेकवर दुसरी सही तिची. ती वस्तीतच राहते, पालक रात्री नऊला तिचं दार ठोठावतात, आणि हिशेबात ती माझ्याहून चिकट आहे.

तेव्हा विनंती अशी. कुठल्याही छोट्या संस्थेला देणगी द्यायची तर आधी तिचा ताळेबंद मागा. जी दाखवायला कां-कूं करते तिला देऊ नका. द्याल ते चेकने किंवा बँकेतून द्या, कारण दोन हजारांवरच्या रोख देणगीला आयकराची सवलत मिळत नाही, आणि पॅन न विसरता कळवा. रकमेवर कामाचं नाव घालू नका, "संस्थेला लागेल तिथे" एवढंच लिहा. वर्षातून एकदा पाच हजार देण्यापेक्षा दर महिन्याला पाचशे दिलेत तर भाड्याच्या तारखेला मला झोप लागेल. आणि पैसे द्यायचे नसतील, पण बँकेत, एजी ऑफिसात किंवा विम्यात आयुष्य काढून आता शनिवारी दुपारी काय करावं असा प्रश्न पडत असेल, तर आपल्या जवळच्या संस्थेत जा. शिकवायला नको, त्याला ताया आहेत. व्हाउचर लावायला, इतिवृत्त लिहायला आणि बदल अर्ज वेळेत भरायला माणूस हवाय.